सर जपानला जाऊन शांत झाले

माणसाचं खरं मोठेपण तो स्वतःच्या पायांनी किती चालला यावरून ठरतं, असं मी एका मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलं आहे. त्या वेळी आम्ही गाडीत होतो. गाडी आमचा ड्रायव्हर हणमंत चालवत होता. वेस्ट बेमधल्या आमच्या ऑफिसातून रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्ये मीटिंगला जायचं होतं, आणि यू-टर्न लांब असल्यामुळे बारा मिनिटं लागली. बाराही मिनिटं सर चालण्याबद्दल बोलत होते.

सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. पुण्याचे, साठीला टेकलेले, कतारमध्ये बावीस वर्षं काढलेले. मी त्यांच्या हाताखाली डॉक्युमेंट कंट्रोलर होते. नाव भारदस्त आहे, काम साधं. कंत्राटदारांकडून आलेली ड्रॉइंग नोंदवायची, सरांपुढे ठेवायची आणि त्यांनी दिलेला शेरा परत पाठवायचा. शेरे चार. कोड ए म्हणजे मंजूर. बी म्हणजे मंजूर, पण सूचना पाळा. सी म्हणजे सुधारून पुन्हा सादर करा. डी म्हणजे नामंजूर. आमच्या धंद्यातले सगळेच हे कोड ड्रॉइंगवर वापरतात. सर ते सगळीकडे वापरत.

चहाचा घोट घेऊन ते म्हणत, "कोड बी. साखर कमी." एकदा ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवर नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. सरांनी त्याला कोड सी दिला. तो विनोद असावा असं समजून आम्ही हसलो. पण केक खरोखरच बेकरीत परत गेला आणि वाढदिवस दुसऱ्या दिवशी साजरा झाला. माझी मुलगी एकदा ऑफिसात आली होती. सरांनी तिला विचारलं, "काय गं, जेवलीस का?" ती म्हणाली, "येस अंकल." सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मराठी, कोड डी." त्यांची स्वतःची दोन्ही मुलं कॅनडात होती आणि त्यांच्याशी कोणत्याच भाषेत फारसं बोलत नसत.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यांच्या शेऱ्याला किंमत होती. एका साइटवर परांचीचं ड्रॉइंग त्यांनी तीनदा नामंजूर केलं. कंत्राटदार वरपर्यंत गेला, क्लायंट चिडला, आमचा जनरल मॅनेजर दोन वेळा त्यांच्या केबिनमध्ये येऊन गेला. सर हलले नाहीत. "वर माणसं चढणार आहेत," एवढंच म्हणाले. चौथ्या वेळी ड्रॉइंग नीट होऊन आलं. त्या परांचीवर चढलेल्या माणसांपैकी कुणालाही हे कळलं नसेल. मला कळलं होतं, आणि त्यामुळे मी या माणसाबद्दल बरीच वर्षं चांगलं बोलत असे. राग येतो तो त्यामुळेच. मूर्खावर कुणी इतकं रागावत नाही.

सरांची दुसरी शिस्त गुरुवारची. रजा, ओव्हरटाइम, पत्रं अशा सगळ्या माणसांच्या कागदांना ते 'घरगुती कागद' म्हणत आणि फक्त गुरुवारी दुपारी हातात घेत. ड्रॉइंग रोज, माणसं गुरुवारी. विभागाचा गोल शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये असे, ड्रॉवरला कुलूप असे आणि किल्ली त्यांच्या पाकिटात.

जपान कुठून आलं ते सांगते. त्यांच्या हाती एका सहल कंपनीची पुस्तिका पडली. कुमानोच्या डोंगरातल्या हजार वर्षांच्या जुन्या यात्रावाटांवरून गाइडबरोबर पायी सहल. सम्राट चाललेली वाट, देवदारांची जंगलं, शेवाळलेल्या दगडी पायऱ्या, संध्याकाळी गरम पाण्याचे झरे. सर देवाधर्मातले नव्हते. "यात्रा नाही, वॉक आहे," असं ते पहिल्या आठवड्यात म्हणत. तिसऱ्या आठवड्यात 'साधना' हा शब्द आला.

कतारमध्ये डोंगर नाही. त्यामुळे सरांनी सराव आमच्या इमारतीच्या जिन्यात केला. जून ते ऑक्टोबर, रोज चार वाजता, तळमजल्यापासून एकोणिसाव्यापर्यंत. नवे बूट, दोन काठ्या, पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या सहा मोठ्या बाटल्या. फायर एक्झिटच्या दारामागून काठ्यांचा टकटक आवाज आला की मजल्यामजल्यावरच्या लोकांना कळे की चार वाजून गेले. पहिले आठ मजले सॅक सरांच्या पाठीवर असे. नवव्यावर हणमंत लिफ्टने येऊन उभा राहिलेला असे. तिथून पुढे सॅक त्याच्या पाठीवर.

हणमंत आटपाडीकडचा. सतरा वर्षं कंपनीत ड्रायव्हर, अल मन्सूरा वस्तीत पाच जणांबरोबर एका खोलीत. तो मला मॅडम म्हणे, मी त्याला हणमंतभाऊ. एक दिवस सहलीचा कार्यक्रम प्रिंट करताना मी त्याला गंमत म्हणून सांगितलं की तिथे सामान पाठीवर न्यायचं नसतं. मोठी बॅग रोज सकाळी व्हॅनने पुढच्या मुक्कामाला जाते. आपण छोटी पिशवी घेऊन चालायचं.

हणमंतने जरा विचार केला. "म्हंजी सायब चालणार, आन बॅग गाडीनं जाणार?"

"हो."

"मग ह्या बाटल्या कशापायी वाहतुया मी?"

मी हे सरांना विचारलं नाही.

त्याच सुमाराला हणमंतच्या मुलीचं, रूपालीचं, लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झाल्यावर आठवडाभरातला मुहूर्त, बुधवार, आपल्याकडचे बारा पस्तीस, म्हणजे कतारचे दहा पाच. त्याने बारा दिवसांच्या रजेचा अर्ज भरला. लग्नाआधी दहा दिवस मांडवाच्या आणि जेवणाच्या तयारीला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, आणि परत. कारणाच्या रकान्यात त्याने इंग्रजीत एकच शब्द लिहिला: मॅरेज.

अर्ज गुरुवारी परत आला. लाल शाईत सरांचा शेरा होता: 'कोड सी. कोणाचे? अर्जदार विवाहित आहे.'

हणमंत कागद हातात धरून माझ्या टेबलाशी उभा राहिला. "मॅडम, सायबास्नी म्या सोत्ता पेढं दिल्यात. खाल्लं की त्येनी."

मी 'डॉटर्स मॅरेज' असं लिहून अर्ज पुन्हा ट्रेमध्ये ठेवला आणि सिस्टिमवरही नोंदवला. पुढच्या गुरुवारी क्लायंटची मीटिंग निघाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी सर दुपारी बारालाच बाहेर पडले, कारण बुटाच्या तळव्यात घालायचे खास पॅड आले होते. मी लिफ्टपर्यंत मागे गेले. "सर, हणमंतचा अर्ज तेवढा. रविवारपासून रजा आहे त्याची."

"मॅडम," सर लिफ्टचं दार हाताने धरून म्हणाले, "निघताना घाईत सही केली की चूक होते. सिस्टिमवर बघतो. यल्ला, निघतो." दार बंद झालं. शुक्रवारी ते उडाले. विमानतळावर त्यांना हणमंतनेच सोडलं.

रविवारी सकाळी मी सिस्टिम उघडली. अर्ज जिथे होता तिथेच होता. आणखी एक गोष्ट कळली. रजेवर जाताना प्रत्येक प्रमुख आपले अधिकार दुसऱ्या कुणाला तरी देऊन जातो. सरांनी ते कुणालाच दिले नव्हते. मी त्यांना ईमेल केलं. लगेच आपोआप उत्तर आलं, इंग्रजीत, चार ओळींचं. त्याचा अर्थ असा: मी प्राचीन वाटेवर चालतो आहे. माझा फोन बंद आहे. जे खरोखर महत्त्वाचं असेल ते थांबेल.

"काय म्हंत्यात?" हणमंत माझ्या खांद्यामागे उभा होता.

मी अर्थ सांगितला.

"लगीन कुटं थांबतंय व्हय, मॅडम?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच माहिती हवी होती, कुठे काही सोय असली तर.

सोय नव्हती. मंजुरीशिवाय गेला तर कंपनी 'पळून गेला' अशी तक्रार करणार. सतरा वर्षांची नोकरी, व्हिसा, सगळं खलास. मी जनरल मॅनेजरकडे गेले. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "पुढच्या बुधवारी परत येतायत ना तुमचे सर?" मी म्हटलं, लग्न त्याच बुधवारी आहे. तो म्हणाला, "मग झालंच की." कोणत्या गणिताने झालं हे मला आजवर कळलेलं नाही.

मंगळवारी मी सहल कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन केला. एक जपानी बाई अत्यंत नम्रपणे बोलल्या. मी दोन वाक्यांचा निरोप दिला: ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न आहे, रजेला फक्त होकार कळवा. त्यांनी तो मला वाचून दाखवला, स्पेलिंग विचारलं, आणि संध्याकाळच्या मुक्कामी पोचवतो म्हणाल्या. बुधवारी मी पुन्हा फोन केला. पोचला होता. उत्तर नव्हतं. गुरुवारी त्या बाईच माझी माफी मागू लागल्या. मग मी फोन करणं थांबवलं.

आता माझी गोष्ट. माझ्या कॉम्प्युटरवर सरांची सही होती. स्कॅन केलेली, निळ्या शाईतली. डॉक्युमेंट कंट्रोलरकडे ती असतेच. दिवसाला तीस-चाळीस पत्रांवर मी ती चिकटवत असे, सरांच्या संमतीने, आणि बरेचदा संमतीची वाटही न बघता. एचआरमधला माणूस केरळचा, सज्जन. तो मला कॉफी मशीनपाशी हळूच म्हणाला, "मॅडम, मेरे को सिर्फ पेपर चाहिए. साइन के साथ पीडीएफ भेजो, स्टँप बाद में लगा देना. मैं किधर देखता किसने लगाया?"

पुढच्या रविवारी मी फाइल उघडली. सही अर्जावर ठेवली. ती नीट बसली सुद्धा. मग मला माझ्या नोकरीचा विचार आला, मुलीच्या शाळेचा आला, आणि 'बनावट सही' हे शब्द इंग्रजीत कसे दिसतात तेही आठवलं. मी फाइल सेव्ह न करता बंद केली. हणमंतला यातलं काही माहीत नाही. त्याने मला नंतर, "तुमी लई धावपळ केली मॅडम," असं म्हटलं.

बुधवारी सरांचं विमान सकाळी सव्वानऊला उतरणार होतं. गाडी अर्थातच हणमंतची. क्लायंटचे काही तातडीचे कागद सह्यांसाठी खोळंबले होते, त्या निमित्ताने मीही निघाले. निघताना घरून मूठभर तांदूळ कुंकवात माखून एका डबीत घेतले होते. का घेतले ते मला नीट सांगता येणार नाही.

विमानतळाच्या पार्किंगमध्ये हणमंतने फोन डॅशबोर्डच्या स्टँडवर लावला. तिकडे त्याच्या भावाच्या हातात फोन होता, त्यामुळे बराच वेळ मांडवाचं कापड आणि कुणाचा तरी फेटा दिसत होता. हणमंतने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. टोपीही होती. ती त्याने कुठून पैदा केली देव जाणे.

"आरं, फोन वर धर की जरा!" तो ओरडला. "रूपी कुटं हाय? मामाला म्हन बाजूला हो!"

मग रूपाली दिसली. मुंडावळ्या, हिरवा शालू, मान खाली. भावाने फोन तिच्या तोंडासमोर नेला. "आप्पा, जेवलासा का?" ती म्हणाली. हणमंतने नुसती मान हलवली, आणि ती हललेली मान तिला दिसली की नाही कोण जाणे, कारण मंगलाष्टकं सुरू झाली आणि फोन पुन्हा मांडवाच्या कापडाकडे गेला.

मी डबी उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने अक्षता घेतल्या. प्रत्येक 'सावधान'ला तो फोनच्या दिशेने चार दाणे टाकी. मीही टाकले. दाणे काचेवर आपटून डॅशबोर्डवर, गिअरपाशी आणि उडून मागच्या सीटवरही पडत होते. चौथ्या मंगलाष्टकाला माझा फोन वाजला.

"मॅडम, मी बाहेर आलोय. गाडी कुठे आहे?"

"सर, पाच मिनिटं."

"पाच कशाला? बारा दिवस चालून आलोय मी."

हणमंतला ऐकू गेलं होतं. त्याने स्टँडवरून फोन काढला, तसाच चालू शर्टाच्या खिशात ठेवला आणि गाडी सुरू केली. शेवटचं मंगलाष्टक त्याच्या खिशात झालं. वाजंत्री वाजली तेव्हा आम्ही पिक-अपच्या रांगेत तिसरे होतो. बॅग डिकीत ठेवायला उतरण्याआधी त्याने खिशात हात घालून फोन बंद केला.

सर उन्हाने रापले होते आणि प्रसन्न दिसत होते. दार उघडून आधी त्यांनी सीटवरून हात फिरवला. "हे तांदूळ कसले गाडीत? हणमंत, कोड सी. जपानमध्ये बघायला हवं होतंस. जंगलात एक कागद पडलेला नाही."

हणमंतने येऊन सीट झटकली. सर बसले. गाडी निघाली.

"काय सांगू मॅडम. वाटेवर जागोजागी छोटी देवळं आहेत. प्रत्येकाशेजारी लाकडी पेटी, आत शिक्का आणि शाई. आपण उघडायची, आपल्या वहीत आपणच शिक्का मारायचा. कुलूप नाही, राखणदार नाही! केवढा विश्वास माणसावर." त्यांनी वही काढून मला दाखवली. शिक्के सुंदर होते. "आणि हो, हणमंत, तुझा काहीतरी निरोप होता. मिळाला बरं मला."

मी मागे वळले. "मिळाला?"

"दुसऱ्याच मुक्कामी. लॉजच्या बाईंनी लाकडी ट्रेवर ठेवून, गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी दिला. काय अदब! मी उघडला, वाचला आणि ठरवलं, रिअ‍ॅक्ट व्हायचं नाही. पूर्वीचा मी असतो तर लगेच फोन केला असता. गाइड म्हणाला, हाच तुमच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा चढ."

"सर, नुसतं 'हो' कळवलं असतं तरी चाललं असतं."

"मॅडम, तुम्हाला आत्ता नाही कळणार. आधी माणसाला स्वतः शांत व्हावं लागतं."

"लग्न आज होतं."

"आज? किती वाजता?"

"सात मिनिटांपूर्वी."

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. परांचीवर चढणाऱ्या अनोळखी माणसांसाठी जो तीनदा अडून बसला होता, तो बोलेल. सरांनी पुढे वाकून हणमंतच्या खांद्यावर थाप मारली.

"अरे, अभिनंदन! बघ, झालं की नाही सगळं व्यवस्थित? आपण उगाच धरून बसतो, माझ्याशिवाय होणार नाही म्हणून. सोडायला शिकलं पाहिजे."

"व्हय सायब," हणमंत म्हणाला. "झालं समदं." सिग्नल हिरवा झाला होता आणि मागची गाडी हॉर्न देत होती.

"सर," मी म्हटलं, "हे तुम्ही त्याला सांगताय?" माझा आवाज चढला होता. बावीस वर्षांत सरांशी त्या आवाजात कुणी बोललं नसावं. "बाप आहे तो. त्याने काय सोडायचं? तुम्ही एक शिक्का सोडला नाहीत!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटले, नाकाने लांब श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला. मग हसून म्हणाले, "बघा, मी रिअ‍ॅक्ट नाही झालो."

ऑफिसात पोचल्यावर त्यांनी पाकिटातून किल्ली काढली, ड्रॉवर उघडला आणि सगळ्यात आधी हणमंतचा अर्ज मागितला. सही केली. गोल शिक्का मारला, सरळ, शाई कुठेही न फुटता. 'कोड ए' असं लिहिलं. "आता मनात काही ठेवू नका," असं मला म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी एचआरमधल्या त्या सज्जन माणसाकडे गेले आणि अर्ज रद्द करायला सांगितलं, म्हणजे हणमंतने कामावर काढलेले ते बारा दिवस रजेतून वजा होणार नाहीत आणि त्याला निदान पुढच्या महिन्यात मुलीकडे जाऊन येता येईल. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, सिस्टम में चढ़ गया. कॅन्सल करने को हेड का साइन चाहिए." मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "एकदा ए दिला की मी मागे घेत नाही. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं.

महिन्याभराने इथल्या मराठी मंडळींच्या स्नेहसंमेलनात सरांचं स्लाइड दाखवत व्याख्यान झालं. विषय 'वाट आणि मौन'. मौनावर ते पंचावन्न मिनिटं बोलले. कुलूप नसलेल्या पेटीच्या फोटोला टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती साधा माणूस आहे हो." मी बटाटेवड्याच्या रांगेत जाऊन उभी राहिले. बाहेर पार्किंगमध्ये हणमंत गाडीत बसून होता, कार्यक्रम संपायची वाट बघत. त्याला एक प्लेट नेऊन दिली. रूपाली सासरी बरी आहे म्हणाला, फक्त घर रस्त्यापासून आत आहे. त्याने ते अजून पाहिलेलं नाही.

कंपनीच्या रेकॉर्डप्रमाणे हणमंतने मुलीच्या लग्नासाठी बारा दिवसांची रजा घेतली आणि वेळेवर कामावर हजर झाला.